आईच्या केसांना रिबन

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. उद्देश: मन हलकं ठेवणं. (मन जड झालंय असं काही नाही.)

पुढे गोंधळ नको म्हणून घटना नोंदवून ठेवतो. परवा सकाळी आई अंगणात पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वय अठ्ठ्याहत्तर. त्याआधी मी अंगणात स्कूटर धूत होतो. शाम्पू लावला होता, हे खरं. नंतर पाणी ओतायचं राहिलं, हेही खरं, पण मध्येच फोन आला. फेस तुळशीकडे वाहत गेला तो उतारामुळे. उतार बाबांच्या वेळच्या मिस्त्रीने काढलेला. त्याची चूक मी अंगावर घेणं बरोबर नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? माझी बायको गरिमा माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, चक्कर आली असेल. ‘असेल’ म्हणालो. ‘आली’ म्हणालो नाही. डॉक्टरांनी ‘आली’ लिहिलं. आई काहीच बोलली नाही. दुखत असणार.

आता रोज ब्लड प्रेशर मोजायचं, मीठ बंद, एकटीने बाहेर जाणं बंद. घरी आल्याबरोबर मी अंगण धुऊन काढलं. स्वच्छता म्हणून.

१३ सप्टेंबर

आईचा अंबाडा. जन्मापासून बघतोय. पहाटे अंघोळ झाली की आरसा न बघता, आकडे तोंडात धरून, पाठमोरी उभी. मग दिवसभर तो अंबाडा हलत नाही. एका हाताने तो होणं शक्य नाही. काल आणि आज गरिमाने घालून दिला.

विचार केला. गरिमाला सकाळी शाळेत शिकवायला जायचं असतं. आई माझी आहे. निर्णय: उद्यापासून आईचे केस मी करणार. गरिमा आमच्या हिंदी मुलखातल्या मराठीत म्हणाली, अहो, तुम्ही कशाला परेशान होता, दो मिनट का काम आहे, मी करते ना. मी ठाम राहिलो. मुलाचं कर्तव्य वगैरे बोललो. आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं, करू दे त्याला.

हेलावली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

अंबाडा ही दोन हातांची गोष्ट नाही. तीन लागतात. पिळला की सुटतो, धरला की आकडा लागत नाही, आकडा लावला की आई ‘स्स’ करते. बराच वेळ गेला. शेवटी गरिमाने येऊन दो मिनट.

दुपारी मोबाइलवर अभ्यास केला. अंबाड्याचा नाद सोडायचा. पोनीटेल. एक मुलगी फार छान समजावते. तिचं म्हणणं, नीट बांधता आलं नाही तरी घाबरायचं नाही, वरून मोठी रिबन लावली की खालचं काही दिसत नाही. हे मला एकदम पटलं.

अडचण: पितृपक्ष चालू. नवीन वस्तू विकत घ्यायची नाही, आई ऐकणार नाही.

१५ सप्टेंबर

अडचण सुटली. ऑफिसात (इंदरगंज, दुसरा मजला) उद्घाटनांचं खातं माझ्याकडेच आहे. कपाटात लाल सॅटिनच्या फितीचा अख्खा रोल पडलेला. विकत घेतलेली नाही, म्हणजे पितृपक्षाला हरकत नाही. उरलेली आहे, म्हणजे ऑफिसलाही हरकत नसावी. येताना फायलींचे रबरही आणले.

१६ सप्टेंबर, सकाळ

पहिली पोनी. यशस्वी.

पलंगाच्या कडेला आई बसली, मी मागे उभा. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, हं, बोल. मी सांगितलं, लाल आहे. 

रबराने थोडे केस ओढले गेले. रबर बहुधा जुन्या फायलीचा. रिबन चांगली चार बोटं रुंद, त्यामुळे फूल प्रशस्त झालं. समोरून बघितलं तर दोन्ही कानांवरून पाकळ्या दिसतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. लहानपणी मी बघितलेला अंबाडा माझ्या मुठीपेक्षा मोठा होता. आज सगळे केस हातात घेतले तर करंगळीएवढे भरले. मानेवर मागे एक तीळ आहे, तो मला माहीतच नव्हता. एकदम वाईट वाटलं. का वाटलं कळत नाही. केस गळायला मी जबाबदार नाही.

संध्याकाळी पुण्याहून बहिणीचा, विनिताचा व्हिडिओ कॉल. आईला बघून ती हसायचीच थांबेना. दादा, ये क्या कर दिया, आईला केजीत घातलंस का? तिला म्हटलं, लांबून हसणं सोपं असतं. सेवा करणाऱ्याला विचार. आई म्हणाली, असू दे गं, करतो आहे बिचारा.

‘बिचारा’ कशाला म्हणाली?

१८ सप्टेंबर

बाबांची तिथी. गुरुजी आले. आईला आज रिबन नको होती, पण मी म्हटलं, रूटीन मोडायचं नाही. गुरुजी संकल्प सांगताना दोनदा अडखळले. त्यांचंही वय झालं.

गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. कावळा समोरच्या तारेवर बसलेला. हलेना. गरिमा म्हणाली, बाबांची काही इच्छा राहिली असेल, कबूल करा. मी मनात म्हटलं, स्कूटर पुन्हा अंगणात धुणार नाही. कावळा हलला नाही. म्हटलं, उतार दुरुस्त करून घेतो. त्याने पाठ फिरवली. आई खाली जेवायची थांबली होती. मीठ नसलेली खीर-पुरी खाणार, म्हणजे खीर ठीक, पण भाजी, वडे, आमटी सगळं अळणी. शेवटी म्हटलं, बाबा, सांगतो तिला. खरं काय ते सांगतो.

कावळा आला.

योगायोग. तसाही तो उडायच्या बेतातच होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात वॉटर कूलरचं उद्घाटन होतं. साहेब कात्री घेऊन तयार, फीत नाही. रोल घरी आईच्या उशाशी. ऐन वेळी देवाच्या फोटोला बांधलेली मौली, म्हणजे पूजेचा लाल दोरा, सोडून आणली आणि साहेबांनी ती कापली. टाळ्या झाल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं. मी म्हणालो, फीत घरच्या आजारपणात लागली. साहेबांनी मला बसायला सांगितलं. बहुतेक त्यांना जखम वगैरे वाटली. एका अर्थी खोटं नाही.

आईला आज सांगणार होतो. पण ऑफिसातून येताना मनःस्थिती नव्हती. उद्या.

२० सप्टेंबर

सकाळी सांगणारच होतो. आईने मान खाली घातली, म्हणाली, बोल. मी म्हणालो, आज फूल जरा डावीकडे घेतो.

दुपारी विजयाबाई आल्या. खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या मराठी बायकांचं मंडळ त्याच चालवतात. अष्टमीला भोंडला आहे. मध्ये पाटावर हत्ती मांडायचा, भोवती फेर धरायचा, आणि गाणी आई सांगणार. दर वर्षी आईच सांगते. आता नव्या सुनांना गाणी येत नाहीत, अर्ध्या हिंदीत बोलतात, तर आई पुढे आणि बाकीच्या मागून, असं चालतं. विजयाबाई म्हणाल्या, कुसुमताई, हात बांधलाय, गळा तर बांधला नाही ना?

आई हसली. पडल्यापासून पहिल्यांदा. तेवढ्यात गरिमा म्हणाली, नाही हो, त्यांना चक्कर येते, डॉक्टरने गोल फिरायला बिलकुल मना केलंय.

आईने माझ्याकडे बघितलं. मी ब्लड प्रेशरच्या मशीनकडे बघितलं. मग मी चहा ठेवायला गेलो.

परत आलो तर आईने डोक्यावरून पदर घेतलेला. एरवी घरात घेत नाही. पदराखाली रिबनच्या फुलाचा उंचवटा दिसत होता. विजयाबाई त्या उंचवट्याकडे बघत होत्या. ऊन लागत असेल आईला. खिडकी पश्चिमेची आहे.

रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच पोळ्या.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पितृपक्ष संपला. नवी सुरुवात. कल्पना फार चांगली सुचली: नवरात्राच्या रोजच्या रंगाची रिबन. आईचं मन रमेल. मन रमलं की भोंडल्याचं दुःख राहणार नाही. मग सांगायचीही तातडी नाही.

ऑफिसला जाताना टोपी बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, बच्ची किस क्लास में है? मी म्हणालो, बड़ी है. तो म्हणाला, बड़ी को चौड़ी नहीं चलेगी, पतली ले जाइए. मी दोन्ही घेतल्या. मिळाले तेवढे सगळे रंग, शिवाय सोनेरी गोटा, म्हणजे जरीची पट्टी, लावलेली एक. त्याने फुकट चार क्लिपा दिल्या, त्यांवर चेरीची फळं आहेत.

पांढरी आज संध्याकाळीच लावली. दिवस वाया जाऊ नये.

२३ सप्टेंबर

लाल. (ऑफिसची. आता कापलीच आहे, परत करायचा प्रश्न नाही.) गरिमा म्हणाली, अहो, आईंना विचारलं तरी आहे का? मी म्हटलं, विचारायचं कशाला, ती रोज आपणहून मान पुढे करते.

२४ सप्टेंबर

गडद निळा. जेवताना आईने लोणच्याची एक फोड मागितली. गरिमाने दिली नाही. प्रेमानेच नाही म्हणाली, आई, तुमच्यासाठीच करते ना मी. आईने अळणी वरण-भात कालवला आणि माझ्याकडे न बघता खाल्ला.

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लोणचं खाल्लं. घशाखाली उतरेना. उतरलं शेवटी, पण वाईट वाटलं.

संकल्प: आई मीठ खात नाही तोपर्यंत मीही मीठ सोडणार. आजपासून. गरिमाला सांगितलं नाही, पुण्य कमी होतं.

२५ सप्टेंबर

पिवळा. इंदरगंजात सकाळी बेडई (डाळ भरलेली पुरी) खाल्ली. बेडईत मीठ असतं हे दुसरी प्लेट संपल्यावर लक्षात आलं. संकल्प स्थगित. मी अशक्त झालो तर आईचे केस कोण करणार?

२६ सप्टेंबर

हिरवा. काही विशेष नाही. आई म्हणाली, बोल. मी म्हणालो, हिरवा.

२७ सप्टेंबर, शनिवार

राखाडी. टोपी बाजारात या रंगाची रिबनच नाही. शेवटी ठरवलं, केस मूळचेच त्या रंगाचे आहेत, आज रिबनची गरज नाही. नुसती पोनी.

रिबन नसल्यामुळे काम लवकर संपलं. आई तशीच मान घालून बसून राहिली. मी कंगवा पुसला, रबर नीट केला, पुन्हा कंगवा पुसला. ती म्हणाली, आज काही म्हणणार नाहीस? मी आरती म्हणालो.

पूर्ण म्हणालो, मधली कडवी न गाळता.

२८ सप्टेंबर, रविवार

नारिंगी. कालपासून झोप नीट नाही. म्हणून भोंडल्याचा प्रश्न कायमचा सोडवायला घेतला.

योजना: फिरायला बंदी आहे, बसायला नाही. तर आईला मध्ये खुर्चीवर बसवायचं, बाकीच्या बायकांनी भोवती फेर धरायचा, गाणी आईने बसल्या जागेवरून सांगायची. केसांना गुलाबी रिबन, कारण अष्टमीचा रंग गुलाबी, वर गोटा. सगळ्यांची सोय. कुणालाच काही सांगायला नको.

विजयाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आणि हत्ती कुठे मांडायचा?

आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे हत्तीच्या जागी मी बसू? आणि डोक्यावर ते फूल? मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, मानू, मी येत नाही भोंडल्याला. सांग विजयाला. आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. फूल दबेल म्हणून मी सांगणार होतो, नाही सांगितलं.

स्कूटरजवळ जाऊन उभा राहिलो. नीच वाटलं. हे एवढं स्पष्ट लिहायला नको होतं. पण वाटलं.

२९ सप्टेंबर

आज सांगणारच. काल रात्री सगळं भाषण तयार केलं. सकाळी अंगणात स्कूटरसमोर एकदा म्हणून बघितलं. न अडखळता जमलं. आई, चक्कर तुला आली नव्हती. फेस माझा होता. मी घाबरलो आणि तोंडातून निघून गेलं. बस, एवढंच आहे. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? गरिमाला अंबाडा घालायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटपेल.

आईने मान खाली घातली. म्हणाली, बोल.

मी म्हणालो, आई, अंगणाचा उतार करून घ्यायचा म्हणतोय.

ती म्हणाली, हं.

मोरपंखी रिबन लावली. सुरुवात तर झाली. विषय उताराजवळ आला, म्हणजे फेसाच्या अगदी जवळ.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी. दुपार

गुलाबी रिबन, गोटा, चेरीच्या क्लिपा, सगळं ट्रेमध्ये लावून आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरात होती. डाव्या हाताने लोणच्याच्या बरणीतून फोड काढून खात होती. गरिमा ‘आई, आई’ करत धावली.

आई म्हणाली, गरिमा, मला चक्कर कधी आलीच नाही. ना त्या दिवशी, ना आज. माझा पाय घसरला होता. गरिमा म्हणाली, घसरला? कशावर? आईने फोड चघळून संपवली. माझ्या हातातल्या ट्रेकडे बघितलं. म्हणाली, ओलं होतं.

एवढंच.  गरिमा म्हणाली, पण मग चक्कर आली हे सांगितलं कुणी? आणि कपाळाला हात लावून माझ्याकडे वळली. मी म्हणालो, ‘असेल’ म्हणालो होतो. ती म्हणाली, तीन हफ्ते मी त्यांना अळणी खायला घातलं, अहो, तीन हफ्ते! तिचे डोळे भरून आले. आई म्हणाली, जाऊ दे गं, त्याला तरी कुठे माहीत होतं. ये, अंबाडा घाल मला.

त्याला तरी कुठे माहीत होतं. माझ्यासाठी खोटं बोलली. माझ्यासमोर, माझ्या हातात ट्रे असताना.

दो मिनट. नंतर दोघी भोंडल्याला गेल्या. जाताना आईने पायऱ्यांवर गरिमाचा हातही धरला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आई आली. आवाज बसलेला, चेहरा उजळलेला. हातात स्टीलचा डबा. भोंडल्याची खिरापत. डब्याचं झाकण न उघडता आत काय आहे ते ओळखायचं, मगच मिळते. लहानपणी आम्हा दोघांना ती अशीच दारात थांबवायची. विनिता चटकन ओळखायची, मला रडू यायचं.

ती पलंगावर बसली. डबा प्लास्टरवर ठेवला. म्हणाली, ओळख.

मी म्हणालो, चकली. नाही. शेव. नाही. करंजी, लाडू, वडी. नाही, नाही, नाही. ती म्हणाली, मानू, तुला समोर असलेलं कधी म्हणताच येत नाही. मी म्हणालो, काय समोर असलेलं? ती म्हणाली, फेस.

तिला कधी कळलं, हे मी विचारलं.

म्हणाली, पडताना. आधी आकाश दिसलं, मग तुळस, आणि नाकात लिंबाचा वास. तुझ्या स्कूटरच्या शाम्पूचा. या घरात दुसऱ्या कशालाच तो वास येत नाही. हॉस्पिटलात वाटलं, घाबरलाय, घरी गेल्यावर बोलेल. मग कंगवा घेऊन आलास. म्हटलं, तोंडावर बोलायला जमत नसेल, पाठीमागे उभा राहून तरी बोलेल. म्हणून रोज मान खाली घालून बसायचे. नाहीतर या वयात त्या रिबनी कोण बांधून घेतंय, बाबा.

मी काय म्हणालो ते इथे लिहायलाच हवं, कारण ही रोजनिशी आहे. मी म्हणालो, उतारच चुकीचा काढलाय.

आईने झाकण काढलं. शंकरपाळे होते, तिखट-मिठाचे. माझ्या हातावर ठेवले. मीठ अगदी बरोबर पडलं होतं.

१ ऑक्टोबर, सकाळ

आज कंगवा घेऊन जायचं काही कारण नव्हतं. तरी गेलो. सवय. रिबनही खिशात होती, घेतलेली वाया जाऊ नये म्हणून.

गरिमा शाळेत जायच्या आधी अंबाडा घालून गेली होती. सुरेख, घट्ट. आई पलंगाच्या कडेला बसली होती. मी दारातच थांबलो. म्हणालो, अरे, झालं वाटतं. आणि परत वळलो.

ती म्हणाली, थांब. डावा हात मागे नेला आणि एकेक आकडा काढून उशीवर ठेवला. अंबाडा सुटला. तेवढेच केस, पाठीवर आले. तिने सरकून मला उभं राहायला जागा केली आणि मान खाली घातली.

बोल, म्हणाली.

मी मागे उभा राहिलो. केस हातात घेतले. तो तीळ दिसला. घसा खाकरला. सगळं भाषण आठवत होतं, एकही शब्द विसरलेलो नव्हतो.

म्हणालो, आज जांभळा आहे.

आई ‘हं’ म्हणाली, आणि मान तशीच ठेवली.